इन्फ्लुएंझा : रुग्णातील ओळख

इन्फ्लुएंझा (फ्लू) हा श्वसनमार्गाचा विषाणुजन्य ताप. माणसांतील साथी मुख्यतः ए व बी प्रकारच्या विषाणूंमुळे येतात. लागणीनंतर 1 ते 4 दिवसांत लक्षणे दिसतात.

पडसे शिंकांनी, हळूहळू चढते. फ्लू एकदम येतो. पहिल्या पाळीला धडधाकट गेलेला कामगार दुपारी हुडहुडी भरून अंथरूण धरतो आणि ताप कधी आला ते वेळेसकट सांगतो. डोके ठणकते, हातपाय मोडून येतात, खोकला कोरडा असतो. ताप बहुधा 3-4 दिवसांत उतरतो. खोकला आणि अशक्तपणा मात्र दोन आठवडेही रेंगाळतात. मुलांना उलट्या-जुलाब होऊ शकतात. म्हाताऱ्या माणसांत कधी तापच नसतो, नुसती ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे असते. निदान हुकते ते बहुतेक इथेच.

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्याच्या परिसरातील मरोद्यासारख्या वस्तीत खरी अडचण पावसाळ्याची आहे. भारतात फ्लू हिवाळ्याच्या अखेरीस आणि पुन्हा पावसाळ्यात वाढतो, आणि पावसाळा हा डेंगी-हिवतापाचाही हंगाम. 2018 च्या पावसाळ्यात भिलाईत डेंगीची मोठी साथ आली होती. अशा वेळी खोकला आणि घसादुखी फ्लूकडे बोट दाखवतात. डोळ्यांमागे दुखणे, अंगावर पुरळ, हिरड्यांतून रक्त ही डेंगीची चिन्हे. हिवतापाचा निकाल रक्त तपासूनच लागतो. निदान होईपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच द्यावे. अ‍ॅस्पिरिन व आयबुप्रोफेनने डेंगीत रक्तस्राव वाढू शकतो, आणि फ्लू झालेल्या मुलांना अ‍ॅस्पिरिन वेगळ्याच कारणाने घातक आहे : त्याने क्वचित यकृत व मेंदूला गंभीर इजा होते. औषधाच्या दुकानात सर्रास मागितल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकचा विषाणूवर काहीच परिणाम होत नाही.

1918 ची फ्लूची साथ, ‘मानमोडी’, जूनमध्ये मुंबईत शिरली तेव्हा सौम्य होती. सप्टेंबरपासूनच्या दुसऱ्या लाटेने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतल्याचे अंदाज आहेत. मध्य प्रांत व वऱ्हाडाला (आजच्या छत्तीसगडचा बराच भाग तेव्हा त्यात होता) तिचा तडाखा फार जबर बसला. तरणीताठी माणसे मोठ्या संख्येने गेली. 2009 मध्ये एच1एन1 अर्थात स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू 3 ऑगस्टला पुण्यात नोंदला गेला; तिथल्या नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या.

2009 च्या साथीत सरकारने रुग्णांचे तीन वर्ग केले; ते आजही उपयोगी आहेत. सौम्य ताप-खोकल्याच्या ‘ए’ वर्गाने घरीच, इतरांपासून दूर राहावे; चाचणी लागत नाही. जोराचा ताप आणि तीव्र घसादुखी, किंवा सौम्य लक्षणे असूनही गर्भारपण, मधुमेह, दमा, हृदयविकार, 65 च्या पुढचे वय यांपैकी काही असेल, तर ‘बी’. अशांना डॉक्टर ऑसेल्टामिविर देतात. ते पहिल्या 48 तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी. अहवालाची वाट पाहण्यात हा वेळ दवडू नये. धाप, छातीत दुखणे, कफातून रक्त, निळसर नखे, गुंगी, रक्तदाब घसरणे यांपैकी एकही चिन्ह म्हणजे ‘सी’ : ताबडतोब रुग्णालय आणि घशाच्या स्रावाची आरटी-पीसीआर चाचणी.

बरे वाटू लागल्यावर चार-पाच दिवसांनी ताप पुन्हा चढला, कफ पिवळा झाला, तर जिवाणूंचा न्यूमोनिया समजून छातीचा एक्स-रे काढावा. इथे मात्र अँटिबायोटिक लागते.