तीन फियाट, तिन्ही जुन्या

आमच्या घरात तीन फियाट झाल्या आणि तिन्ही सेकंड हॅंड. घरातली नवी पिढी विचारते, "एवढं काय होतं हो त्या गाडीत?" आण्णांचं फियाटवर प्रेम होतं, असं आम्ही भावंडं बिनदिक्कत सांगतो. पण ते प्रेम होतं की नाइलाज? थोडा इतिहास बघितल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली. तीच गाडी नंतर प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. नावं बदलत गेली, लोकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत फियाटच!

त्या काळात कारखान्याने किती गाड्या काढायच्या तेही सरकारी लायसन्स ठरवायचं. नवी गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं वाट बघायची. मुंबई-पुण्यात ही गत, तर हिंगोलीचं काय सांगावं? तेव्हा आमचं गाव परभणी जिल्ह्यात होतं. स्वतःचा जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. तर आण्णांनी १९७९ साली अकरा वर्षं जुनी डिलाइट घेतली आणि १९८८ साली दहा वर्षं जुनी पद्मिनी. मिळाली ती घेतली. इथवर नाइलाजच म्हणा.

पण गाडी आरामाची होती, हेही तितकंच खरं. गिअर स्टिअरिंगला असल्यामुळे पुढचं सीट सलग, बाकासारखं. पुढे तिघं, मागे चौघं, लेकरं मांडीवर ती वेगळी. पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला पंचवीसेक किलोमीटर जाऊन आलं तरी आज्जीची कंबर तक्रार करत नसे.

आणि इंजिन? १०८९ सीसीचं, इतकं साधं की गावातला मिस्त्री पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि स्वतःचे कान एवढ्यावर दुरुस्त करायचा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या काळच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत पेट्रोलची वाफ धरायची. मग पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि झाडाखाली दहा मिनिटं थांबायचं. सुटे भाग नांदेडला मिळायचे, कारण वर्षानुवर्षं गाडीचा सांगाडा फारसा बदललाच नव्हता. गंमत बघा, ज्या बंदिस्त बाजारामुळे नवी गाडी मिळत नव्हती, त्याच बाजारामुळे जुनी गाडी टिकत होती.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि १९९३ मध्ये मोटारींचं लायसन्स उठलं. १९९७ साली आण्णा पुन्हा गाडी घ्यायला निघाले तेव्हा हाताशी पैसे होते, पुढ्यात पर्याय होते. त्यांनी मारुती चालवून बघितली, तिचं कौतुकही केलं. आणि घेऊन आले १९९० सालची पद्मिनी! सगळे नव्या गाड्यांकडे वळल्यामुळे ती स्वस्तात मिळाली, हे एक कारण. दुसरं कारण त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "माय पुढे बसेल आणि नातू तिच्याशेजारी."

ती गाडी आणखी दहा वर्षं चालली. इंजिन थकलं नव्हतं. पण कुर्ल्याहून नव्या पद्मिनी येणं थांबलं होतं, भाग मिळेनासे झाले होते आणि मिस्त्रीची मुलं नव्या गाड्यांचं काम शिकली होती. मुंबईतही शेवटची नोंदवलेली पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

म्हणून आता पोरांना मी नीट सांगतो. पहिल्या दोन फियाट लायसन्सच्या जमान्याने आमच्या दारात आणल्या. तिसरी आण्णांनी आणली. प्रेम म्हणायचंच असेल, तर त्या तिसरीला म्हणा.

काका, आत्या, तुम्हाला यातलं काही वेगळं आठवत असेल तर जरूर कळवा.