सागरी बचावकार्य, लोकवर्गणी आणि भाररेषा

बुडत्यास हात देण्याची वृत्ती आणि बुडण्याचे कारण दूर करण्याची निकड समाजात एकाच वेळी जागृत होतात असे नाही. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. सर विल्यम हिलरी यांच्या प्रयत्नाने १८२४ साली लंडनमध्ये स्थापन झालेली जीवरक्षक संस्था, १८५४ ते १८६९ या काळातील सरकारी अनुदान सोडल्यास, लोकवर्गणीवरच चालली. १८३८ मध्ये ‘फोर्फारशायर’ ही आगबोट बाष्पपात्रे निकामी होऊन फार्न बेटांच्या खडकांवर फुटली. ग्रेस डार्लिंग व तिचे वडील यांनी नेलेल्या होडीमुळे नऊ जण वाचले. ग्रेसवर देणग्यांचा वर्षाव झाला. राणी व्हिक्टोरियाने पन्नास पौंड पाठविले. लोकस्मृतीत राहिली ती ग्रेसची होडी. नादुरुस्त बाष्पपात्रे नव्हेत.

जहाजांच्या सुरक्षिततेविषयी लोकमत प्रक्षुब्ध झाले ते बऱ्याच उशिरा. सॅम्युअल प्लिमसॉल यांनी १८७३ साली ‘अवर सीमेन’ या ग्रंथात अतिभारित व जीर्ण जहाजांवर कठोर टीका केली. १८७५ मध्ये सरकारने जहाजविषयक विधेयक मागे घेताच पार्लमेंटात त्यांचा संताप अनावर झाला आणि जनतेने त्यांची बाजू उचलून धरली. १८७६ च्या कायद्याने जहाजावर भाररेषा आखणे सक्तीचे झाले. तथापि ती कोठे आखावी हे मालकाच्याच मर्जीवर राहिले. ही उणीव दूर होण्यास १८९० साल उजाडले.

वर्गणीदार स्वतःच्या खिशातून देत होता. भाररेषा मात्र दुसऱ्याच्या नफ्याला मर्यादा घालीत होती. औदार्य आधी आणि कायदा मागाहून आला, याचे एक प्रमुख कारण या भेदात आढळते.