सांध्यावरची चूक

संगणकाची आज्ञावली म्हणजे यंत्राने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे याची लेखी आज्ञा, अशी व्याख्या आम्ही कामगारांच्या अभ्यासवर्गात सांगत असतो. तीत बिघाड निघाला की दोष यंत्राचा क्वचितच असतो. तो लिहिणाऱ्यांचा असतो. ‘लिहिणाऱ्यांचा’ हे अनेकवचन येथे जाणूनबुजून योजले आहे. चूक एकट्या माणसाच्या डोक्यात जन्मते की दोघांच्या मधल्या जागेत, या प्रश्नाला आता पन्नासांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. बीड जिल्ह्यातील ज्या घरांतली मुले पुण्यास या धंद्यात गेली आहेत, त्या घरांनी तरी तो ऐकावा.

१९६८ साली मेल्विन कॉन्वे या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एका लेखात मोठी मासलेवाईक हकीकत दिली आहे. एका संस्थेकडे आठ माणसे होती आणि कोबोल व अल्गोल या दोन संगणकभाषांसाठी दोन कंपायलर तयार करायचे होते. पाच माणसे कोबोलवर लावली, तीन अल्गोलवर. काम पुरे झाले तेव्हा कोबोलचा कंपायलर पाच टप्प्यांत चाले आणि अल्गोलचा तीन टप्प्यांत! माणसांची वाटणी जशी, तशीच कामाची घडण. पुढे १९७५ साली फ्रेडरिक ब्रुक्स यांनी, आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीचे काम स्वतः चालविल्यावर, ग्रंथ लिहून बजावले की उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते आणखीच लांबते. हिशेब सोपा आहे. दहा माणसांत बोलण्याच्या जोड्या ४५ होतात. वीस माणसांत १९०. प्रत्येक जोडी म्हणजे गैरसमजाची एक जागा. मालकलोक हे गणित विसरतात. सभासदसंख्येच्या आनंदात संघटनाही विसरतात.

आपल्याकडे याचा दाखला ऊसतोडीत आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशा कोयत्यांची टोळी, टोळीवर मुकादम, पुढे वाहतूक, मग कारखान्याच्या काट्यावर गाड्यांची रांग. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितका वाळतो आणि साखरेचा उतारा घटतो. कोयता चोख चालला, गाडी चोख भरली, तरी रांगेत ऊस वाळतोच. हा दोष कोणत्याच एका हाताचा नव्हे; तो दोन कामांच्या सांध्यावरचा आहे. ओरडा मात्र टोळीवर होतो.

अशाच एका सांध्यावर १९९९ साली नासाचे मंगळाकडे पाठविलेले यान बुडाले. यान बांधणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीची आज्ञावली यानाला दिलेल्या धक्क्यांचे माप इंग्रजी पौंडांत कळवी; कॅलिफोर्नियातील मार्ग आखणारे ते मेट्रिक पद्धतीतले न्यूटन समजत. फरक सुमारे साडेचार पटींचा. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचे ते यान ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेले आणि २३ सप्टेंबरला कायमचे मुके झाले. दोन्हीकडची गणिते आपापल्या मापात बरोबर होती! काहीतरी जुळत नाही ही शंका मार्ग आखणाऱ्यांना आलीही होती, पण ती रीतसर वर पोचली नाही.

मग सांधे कमी कसे करावेत? डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली सुचविले की आज्ञावलीचे भाग असे पाडावेत की प्रत्येक भागाने आपले निर्णय आपल्यापाशी ठेवावेत. शेजाऱ्यास फक्त ठरलेली देवाणघेवाण दिसावी. शेतकऱ्यास हे चटकन पटेल. ज्याचे पाणी चौघांच्या वावरातून येते, त्याचे पीक चौघांच्या हातात असते. एकाने पाट फिरवला की इकडचा वाफा कोरडा.

परंतु घडण आधी की माणसे आधी? मायक्रोसॉफ्टच्या विंडोज व्हिस्टा या प्रणालीत पाच कोटींहून अधिक ओळी होत्या. २००८ साली नागप्पन, मर्फी व बॅसिली यांनी तिचे ३,४०४ भाग तपासले. एखाद्या भागाला किती जणांचे हात लागले, त्यांतले किती नोकरी सोडून गेले, जबाबदारी कोणत्या पायरीवर होती, एवढ्यावरून बिघाडाचा जो अंदाज आला, तो ओळींच्या किचकटपणावरून येणाऱ्या अंदाजापेक्षा सरस ठरला. अंदाज म्हणजे कारण नव्हे, हे खरे. तरीही कामगार वरचेवर बदलणे स्वस्त पडते असे म्हणणाऱ्यांपुढे हा कागद ठेवावा. पुढच्याच वर्षी त्याच प्रणालीवरील दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की माणसे दूरदूरच्या गावी बसल्याने बिघाडात फारसा फरक पडला नव्हता.

चूक सांध्यावरची आणि शिक्षा एकट्याला, असे झाले की काय होते हे ब्रिटनमध्ये दिसले. तेथील टपालखात्यात १९९९ पासून ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली आली. तिच्या एका भागाची लिखावट इतकी वाईट होती की तो नव्याने लिहावा अशी शिफारस बांधणाऱ्या कंपनीतच झाली होती. ती मानली गेली नाही. यंत्र तूट दाखवी आणि टपालघर चालविणारा चोर ठरे. नऊशेंहून अधिक जणांना शिक्षा झाल्या, काही तुरुंगात गेले. त्यांत भारतीय वंशाची माणसेही होती. अपहाराचे हे प्रकार सुटे, एकेकट्याचे मानले गेले, आणि तुझ्यासारखी तक्रार दुसऱ्या कोणाचीच नाही, असे अनेकांना सांगण्यात आले. ते एकमेकांना भेटले, त्यांनी संघटना केली, मिळून दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचा निर्णय दिला, आणि २०२४ साली पार्लमेंटने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या.