पित्ताचा परतीचा रस्ता

गटाच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "ताई, आज पित्त खवळलंय." छातीत जळजळ करणारं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. खरं पित्त निराळं. ते यकृतात तयार होतं आणि पित्ताशयाच्या पिशवीत साठतं. कोंबडी साफ करताना जी हिरवी पिशवी फुटली की रस्सा कडू होतो, तीच ही. तेलकट भांडं नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो. तसं तेल-तूप पचायला पित्तातली आम्लं लागतात, त्यांना पित्ताम्लं म्हणतात.

पूर्वी लोकांना वाटायचं, काम झालं की पित्त शौचावाटे निघून जातं. मोरित्झ शिफ हे शास्त्रज्ञ तेव्हा इटलीत फ्लॉरेन्सला होते. कुत्र्याचं पित्त नळीने बाहेर काढत राहिलं की यकृतातून येणारं पित्त कमी होतं आणि आतड्यात पित्त घातलं की पुन्हा वाढतं, हे त्यांनी १८७० साली दाखवलं. म्हणजे आतडं पित्त शोषून घेतं आणि रक्तातून यकृताकडे परत धाडतं.

आता मोजमाप माहीत आहे. शरीरात पित्ताम्लं असतात जेमतेम तीन-चार ग्रॅम, चहाचा चमचाही भरणार नाही. पण तीच दिवसातून सहा-सात फेऱ्या मारतात. दर फेरीत शंभरातली ९५हून जास्त परत येतात. दिवसाला साधारण अर्धा ग्रॅम शौचावाटे जातो, तेवढाच यकृत कोलेस्टेरॉलपासून नवा बनवतं. आपल्या गटातल्या अंतर्गत कर्जासारखंच आहे हे. तोच पैसा घरोघरी फिरतो, तूट तेवढी भरायची.

पण पिशवीला कसं कळतं, की जेवण आलं? १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याच्या नसा तोडल्या आणि त्यात आम्ल घातलं. तरी स्वादुपिंडातून पाचकरस आलाच! निरोप नसांमधून नव्हे, रक्तातून गेला होता. अशा निरोप्यांना पुढे हार्मोन हे नाव पडलं. १९२८ साली अमेरिकेत आयव्ही आणि ओल्डबर्ग यांना पित्ताशयाचा निरोप्या सापडला. चरबी आतड्यात आली की तो सुटतो आणि पिशवी आकसते. पिशवीत खडे असले तर तळकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते ती यामुळेच. (या सगळ्यात कुत्र्यांचे जीव गेले, तेही सांगायला हवं.)

शेवटचा धागा आपल्या हयातीतला. पित्ताम्लं फक्त साबणाचं काम करत नाहीत, ती स्वतःच निरोप देतात, हे १९९९ साली तीन प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं. यकृताच्या आणि आतड्याच्या पेशींत त्यांना ओळखणारं कुलूपच आहे. पित्ताम्लं पुरेशी झाली की ते उघडतं, आतडं रक्तातून सांगावा धाडतं आणि यकृत नवं बनवणं कमी करतं.

हे सगळं सांगायचं कारण गरोदर बाया. शेवटच्या तीन महिन्यांत कधीकधी यकृतातून पित्त नीट बाहेर पडत नाही आणि पित्ताम्लं रक्तात साठतात. मग तळहात-तळपायांना खाज सुटते, रात्री जास्त, अंगावर पुरळ मात्र नसतं. घरात म्हणतात, अंगातली उष्णता आहे, खोबरेल लाव. खोबरेलाने रक्तातलं पित्त उतरत नाही. पित्ताम्लं फार वाढली तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर कधी प्रसूती थोडी आधी करतात. अशी खाज असेल तर आशाताईला किंवा नर्सबाईंना त्याच दिवशी सांगा. रक्त तपासतात, त्यात यकृताची तपासणी होते आणि मोठ्या दवाखान्यात पित्ताम्लंही मोजता येतात. बाळंतपणानंतर ही खाज बहुतेकींची आपोआप जाते, पण पुढच्या खेपेला ती पुन्हा येऊ शकते. तेव्हा नाव नोंदवतानाच मागची हकिगत सांगायची.