जुने रंधायंत्र, नवा हिशेब : बडोद्याहून लाकूडकामाची यंत्रे घेताना

सुतारकामाचा नवा कारखाना उभारताना सर्वांत मोठा खर्च यंत्रांचा असतो. त्यामुळे गोवा आणि कोकणातील अनेक लहान व्यावसायिकांची नजर जुन्या यंत्रांकडे वळते आणि शोध पुष्कळदा गुजरातपर्यंत पोहोचतो. अहमदाबाद व राजकोट ही यंत्रनिर्मितीची जुनी केंद्रे आहेत. बडोद्याची ओळख मात्र यंत्रे वापरणाऱ्यांचे आणि दुरुस्त करणाऱ्यांचे शहर अशीही आहे. तेथे मिळणारे यंत्र खरोखर स्वस्त आहे की केवळ कमी किमतीचे आहे, हे ओळखण्याची रीत ग्राहकाला ठाऊक असावी लागते.

बडोदेच का?

महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवनाची स्थापना केली. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे मातृभाषेतून उद्योगशिक्षण सुरू झाले. दादासाहेब फाळके हे याच संस्थेचे विद्यार्थी. स्वातंत्र्यानंतर कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाले. पुढे मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहती वाढल्या आणि त्यांच्याबरोबर मोटारीचे वायंडिंग, बेअरिंग, ओतकाम, धार लावणे अशी पूरक कामे करणारी दुकानेही वाढली. जुने यंत्र घेणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे. दोष सापडला तर तो दुरुस्त करून घेऊनच यंत्र गावी आणता येते.

बडोद्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर, आज छोटा उदेपूर जिल्ह्यात असलेले संखेडा गाव सागवानी कातीव फर्निचरसाठी प्रसिद्ध आहे. लेथवर कातलेले पाय आणि दांडे, त्यांवर लाखेचा रंग आणि कथलाची चमक, ही त्याची खूण. या फर्निचरला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. सावंतवाडीच्या लाखकामाशी त्याचे नाते सहज ओळखू येते. पूर्वी दोरीने फिरवला जाणारा लेथ आता विजेच्या मोटारीवर चालतो. पण तत्त्व तेच राहिले आहे. म्हणूनच चांगला लाकूडकामाचा लेथ पन्नास वर्षांचा असला तरी निरुपयोगी ठरत नाही.

दुसरीकडे, फर्निचरचा व्यवसाय सागवानाकडून प्लायवूड आणि एमडीएफकडे सरकला. तक्ते कापणारी पॅनेल सॉ आणि कडांवर पट्टी चिकटवणारी यंत्रे आली. घन लाकूड रंधणारी जड बिडाची यंत्रे कोपऱ्यात गेली. कारखान्याला जागा हवी असते, म्हणून ती भंगाराच्या जवळपासच्या भावात निघतात. दोष यंत्रात नसून मागणीत असतो, तेव्हा मिळणारी स्वस्ताई खरी.

किमतीचा पाया

सौद्याची सुरुवात यंत्राच्या वजनापासून करावी. समजा, रंधायंत्राचे वजन ४०० किलो आणि भंगाराचा भाव किलोला ३० रुपये आहे. लोखंडाची किंमत झाली १२ हजार. विक्रेता ३० हजार मागत असेल, तर वरचे १८ हजार हे यंत्र ‘चालण्याचे’ मोल आहे. ते तेवढे चालते का, एवढाच प्रश्न उरतो. त्यात मोटार दुरुस्ती ५ हजार, बेअरिंग व बेल्ट ३ हजार, पाती व संरक्षक झाकणे ४ हजार आणि चढउतारासह वाहतूक १२ हजार धरली, तर यंत्र दारात ५४ हजारांना पडते. आकडे उदाहरणादाखल आहेत. रीत मात्र हीच. नव्या यंत्राच्या किमतीशी तुलना ५४ हजारांची करायची, ३० हजारांची नव्हे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण जुन्या यंत्रांच्या बाजारात तंतोतंत लागू पडते.

काय दुरुस्त होते, काय होत नाही

बेअरिंग, बेल्ट, पुली, स्विच आणि पाती हे बदलण्याचे भाग आहेत. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो आणि त्या क्रमांकाचे बेअरिंग कोणत्याही शहरात मिळते. बेल्ट काढून आस हाताने फिरवावा. खरखर जाणवली किंवा आस वर-खाली हलला तर बेअरिंगचा खर्च धरावा. फार जुन्या यंत्रांत बेअरिंगऐवजी पांढऱ्या धातूचे ओतीव आधार असतात. ते पुन्हा ओतून घ्यावे लागतात आणि तो कारागीर आधी शोधावा लागतो.

बिडाचा सांगाडा मात्र बदलता येत नाही आणि तडा गेला तर त्याचे वेल्डिंगही भरवशाचे नसते. ताजा रंग दिसला की संशय घ्यावा. संशयित जागी रॉकेल लावून ते कोरडे पुसावे आणि वर खडू फासावा. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. रंधायंत्राच्या दोन्ही टेबलांवर लांब सरळ पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का ते पाहावे. टेबल पिळलेले असेल तर त्यावर रंधलेली फळी कधीच सरळ निघणार नाही. लेथची परीक्षा याहून सोपी आहे. मागचे टोक सरकवून पुढच्या टोकाला भिडवावे. दोन्ही अणकुच्या अचूक जुळल्या पाहिजेत. बँड सॉमध्ये चाकांवरचे रबर आणि चाकांचा डुगडुगाट पाहावा.

मोटारीवरची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कारखान्यातील मोटार बहुधा थ्री फेज, ४१५ व्होल्टची असते. घरालगतच्या कार्यशाळेत सिंगल फेज, २३० व्होल्टचीच जोडणी असते. अशा वेळी मोटार बदलणे, ड्राइव्ह बसवणे किंवा थ्री फेज जोडणी घेणे, यांपैकी एक खर्च ठरलेला आहे. वेगही जुळला पाहिजे. भारतातील ५० हर्ट्झ पुरवठ्यावर चार ध्रुवांची मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते, दोन ध्रुवांची सुमारे २८८०. अमेरिकेतून आलेली ६० हर्ट्झची मोटार येथे एक षष्ठांशाने मंद चालते.

बोटांची किंमत

एका बाबतीत घासाघीस करू नये. जुन्या रंधायंत्रांत पाती चौकोनी ठोकळ्यावर बसवलेली आढळतात. चौकोनी ठोकळा फिरताना टेबलाच्या कडेपाशी मोठी पोकळी तयार होते. हात घसरला तर बोट खोलवर ओढले जाते. गोल ठोकळ्यात ही पोकळी अरुंद असते. म्हणूनच १९४८ च्या कारखाने अधिनियमाखालील नियमांत हाताने लाकूड सरकवायच्या रंधायंत्राला गोल ठोकळा बंधनकारक करण्यात आला. चौकोनी ठोकळ्याचे यंत्र स्वस्त मिळते ते याच कारणाने. गोल ठोकळा बसवण्याचा खर्च परवडत नसेल, तर ते यंत्र सोडून द्यावे.

गोल करवतीच्या पात्यामागे चिरलेली फट मिटू न देणारी पट्टी असते. ती नसेल तर लाकूड पाते आवळते आणि उलटे कामगाराच्या अंगावर फेकले जाते. ही पट्टी आणि वरचे झाकण ‘अडचण होते’ म्हणून काढून टाकलेले पुष्कळदा दिसते. ते परत बसवल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

कागदपत्रे आणि परवाना

वनखात्याच्या परवान्याचा मुद्दा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गोदावर्मन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ पासूनच्या आदेशांनी लाकूड चिरण्याच्या गिरण्यांवर निर्बंध आले. २०१६ मध्ये केंद्राने लाकूडाधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ओंडके चिरणारी बँड सॉ विकत घेतली म्हणजे ती चालवण्याचा परवाना मिळाला असे होत नाही. विक्रेत्याचा परवानाही यंत्राबरोबर आपोआप येत नाही. सौद्यापूर्वी आपल्या राज्याच्या वनखात्याकडे चौकशी करावी.

पावतीवर यंत्राचे वर्णन, निर्मात्याचे नाव आणि अनुक्रमांक असावा. यंत्र बँकेकडे तारण असेल तर बाकी नसल्याचे पत्र मागावे. मालाची किंमत ५० हजार रुपयांहून अधिक असल्यास राज्याबाहेर नेताना ई-वे बिल लागते. १९३० च्या माल विक्री अधिनियमानुसार मालाच्या दर्जाची हमी सहसा आपोआप गृहीत धरली जात नाही. त्यातून ‘जसे आहे तसे’ म्हणून घेतलेल्या यंत्राचा दोष मागाहून विक्रेत्याच्या माथी मारणे कठीण. म्हणून यंत्र भारावर चालवून, त्यावर लाकूड कापून पाहणे हीच खरी हमी.

परतीचा प्रवास

बडोदे ते पणजी हे अंतर सुमारे एक हजार किलोमीटर. बीड ठिसूळ असल्यामुळे हायड्राने उचलताना पट्टा नेहमी पायाखालून घालावा, टेबलाला किंवा आसाला कधीही नाही. टेबले सुटी होत असतील तर वेगळी बांधावीत. उघड्या पृष्ठभागांवर ग्रीसचा जाड थर द्यावा. किनारपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत घासलेले बीड एका पावसाळ्यात गंजते.

एवढे सारे पाहूनही यंत्र पसंतीस उतरले, तर ते पुढच्या पिढीपर्यंत काम देऊ शकते. त्यासाठी बडोद्याची एक फेरी तपासणीसाठी आणि दुसरी खरेदीसाठी करणे उत्तम. पहिल्याच फेरीत पैसे मोजायला लावणाऱ्या सौद्यात घाई विक्रेत्याची असते आणि तिची किंमत ग्राहकाला चुकवावी लागते.