ओली काच आणि निजामी मुलखातली फोटोग्राफी

फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने 1851 मध्ये ओल्या काचेवर छायाचित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली. आम्लांची प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की कोलोडियन तयार होते. त्यात आयोडाइड घालून ते काचेच्या मधोमध ओतायचे, काच कलती करत चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचे आणि उरलेले बाटलीत निथळू द्यायचे. मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवलेली काच ओलीच कॅमेऱ्यात बसवायची. चित्र घेऊन ते उमटवण्याचे कामही काच सुकण्याआधी उरकायचे. हाताशी दहा-पंधरा मिनिटे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ईथर भराभर उडते, तेव्हा तेवढीही नाहीत. म्हणून बाहेरगावी जाताना अंधारा तंबू, रसायने आणि पाणी बरोबर लागे. काळी पडलेली बोटे ही या धंद्याची खूणच होती.

असे काम नुसते वाचून येत नाही. जाणत्याच्या शेजारी उभे राहून हात बसवावा लागतो. मुंबईत शिकण्याची सोय लवकर झाली. तिथे 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत व्यावसायिक फोटोग्राफर झाले.

मराठवाड्यातल्या देगलूर, नांदेडचा मुलूख मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात, अजिंठ्याला, मेजर रॉबर्ट गिल भित्तिचित्रांच्या तैलरंगी नकला करत असत. 1856 च्या सुमारास त्यांनी कॅमेराही हाती घेतला. नकलांपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. छायाचित्रे मात्र जेम्स फर्ग्युसन यांच्या 1864 च्या पुस्तकांतून आधीच छापली गेली होती. तरी ती नकलांची जागा घेऊ शकत नाहीत. कोलोडियनला निळा प्रकाश दिसतो, तांबडा जवळजवळ दिसतच नाही. गेरूचा रंग त्यात काळा पडतो. खांब, कमानी आणि मूर्ती टिपायला ही रीत उत्तम, रंगांना निरुपयोगी.

1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेचा मार्ग दाखवला आणि दशकभरात तयार काचांचे डबे बाजारात आले. लाला दीनदयाळ 1880 च्या दशकात निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले, तोवर तंबूत कोलोडियन ओतण्याचे दिवस सरत आले होते. फोटोग्राफरला आता स्वतः काच तयार करण्याची गरज उरली नाही, आणि ते शिकवण्याचीही.