झायलिंक्स
झायलिंक्स ही प्रोग्रामेबल लॉजिक चिप विकसित करणारी अमेरिकन कंपनी होती. झायलॉग कंपनीतील रॉस फ्रीमन, बर्नार्ड व्हॉन्डरश्मिट आणि जेम्स बार्नेट यांनी १९८४ साली कॅलिफोर्नियात तिची स्थापना केली. विक्रीनंतरही ग्राहकाला अंतर्गत जोडण्या बदलता येतील अशी चिप (एफपीजीए) फ्रीमन यांना हवी होती. त्यात ट्रान्झिस्टर पुष्कळ खर्ची पडत आणि तेव्हा ते महाग होते. मात्र ते झपाट्याने स्वस्त होतील, हा फ्रीमन यांचा होरा खरा ठरला. एक्ससी२०६४ या १९८५ मधील पहिल्या एफपीजीएमध्ये अवघे ६४ लॉजिक ब्लॉक होते. कंपनीने स्वतःचा कारखाना उभारलाच नाही. सुरुवातीच्या चिपांचे उत्पादन जपानच्या सेकोकडे होते. फ्रीमन यांचे १९८९ मध्ये, कंपनीचे समभाग बाजारात येण्यापूर्वीच, निधन झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये एएमडीने झायलिंक्सचे अधिग्रहण पूर्ण केले.